पॉलिथिनखालची मेथी

आमची पोस्ट उत्तरेला, बर्फात होती. जागेचं नाव लिहीत नाही. मी नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. हिवाळ्यात वाट बंद झाली की डबाबंद जेवण सुरू व्हायचं. हिरवी भाजी महिनोन्‌महिने दिसली नाही तर माणसाचं काय होतं, ते कोपऱ्यावर भाजीवाला असलेल्यांना कळायचं नाही. टिनमधला वाटाणा ताटात पडला की आमचे धडधाकट जवान तोंड फिरवायचे.

त्या वर्षी पोस्टवर नाईक जनार्दन आला. ठाण्याच्या बाळकुमचा, आगरी घरातला. आल्या आल्या त्याने बंकरच्या आडोशाला पॉलिथिनची बुटकी शेड उभी केली आणि तुपाच्या रिकाम्या डब्यांत माती भरली. मग ती माती बर्फाच्या पाण्याने धुवायला घेतली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बर्फ वितळवायला केरोसीन लागतं आणि तिथे केरोसीन माणसाच्या पाठीवरून वर येतं. माझं डोकं फिरलं.

"जना, काय चाललंय?"

"माती गोड करतोय, साहेब."

बाळकुमची शेतं खाडीकाठची. पावसाने मातीतला खार धुऊन निघाल्याशिवाय तिथे बी टाकत नसत.

"अरे, इथे खाडी कुठाय?"

त्याने डब्याकडे बघितलं. मग स्वतःच हसला. पण पुढचा डबाही त्याने धुतलाच. त्या दिवसापासून लंगरमध्ये, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, त्याचं नाव 'धोबी' पडलं.

मेथी आली, मुळा आला, पालकही आला. त्याने मलाही कामाला लावलं. पाणी सकाळी घालायचं, तेही मुळाशी. रोपं दाट झाली की जीव हळहळला तरी निम्मी उपटायची. बी रुजलं का म्हणून रोज उकरून बघायचं नाही. आज टिटवाळ्याला माझ्या घरामागे दोन खाटांएवढी बाग आहे, ती याच शिकवणीवर चालते. माती मीही धुतो. शेजारी हसतात. हसू देत.

एका सकाळी बर्फ पडायला लागला तो थांबेचना. वायरलेस सेटवर खालच्या बेसचा आदेश आला.

"संतरी सोडून कुणीही बाहेर नको. ओव्हर."

"रॉजर. ओव्हर."

संतरी जनार्दन होता. दुपारी त्याच्या जागी दुसरा जवान पोहोचला आणि तो बंकरकडे निघाला. अंतर हाकेचं. तेवढ्यात वरच्या उतारावरून बर्फ सुटला. बंकर हादरला. जनार्दन आत आला नव्हता.

"एक जवान मिसिंग. सर्च सुरू करतोय. ओव्हर."

"उतारावर लक्ष ठेवा. दोर बांधूनच निघा. ओव्हर."

तो शेडजवळ बर्फाखाली सापडला. हातात फावडं होतं. परतताना शेडवरचा बर्फ ओढायला थांबला होता, नाहीतर पॉलिथिन फाटून भाजी चिरडली असती. शेड बंकरच्या आडोशाने वाचली होती, अर्धं छप्पर साफ झालं होतं. आम्ही पाळीपाळीने त्याची छाती दाबत राहिलो. श्वास परत आला नाही. मी जवानांसमोर रडलो. आत मेथी तशीच उभी होती.

लंगर कमांडरने विचारलं, मेथीचं काय करू? मी म्हणालो, खुडा.

बाळकुमच्या नाक्यावर जनार्दनच्या नावाचा फलक आहे, त्यावर 'शत्रूशी झुंजताना वीरमरण' असं लिहिलंय. मी ते खोडून काढायला गेलो नाही. त्याच्या आईला भीत होतो. पोरगा चार जुड्या मेथीसाठी गेला हे कळलं, तर म्हातारीने कशाच्या बळावर जगायचं? दर हिवाळ्यात मी टिटवाळ्याची मेथी घेऊन ठाण्याला उतरतो आणि रिक्षाने माजिवड्यावरून तिच्याकडे जातो. शेतं होती तिथे आता टॉवर आहेत. त्यातल्याच एका घरात ती राहते. इतकी वर्षं तिने काही विचारलं नव्हतं. यंदा मेथी निवडता निवडता विचारलं.

"सुभेदार, आता माजे दिस थोडे हायत. माना खरा सांग. जना कसा गेला?"

मी सांगितलं. बर्फ, पॉलिथिन, फावडं. तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"भाजी त्यानंच लावलेली?"

"हो, आई. आमच्यात शेतकरी तोच."

"कसला शेतकरी! बापानी हाका मारून मारून घसा सुकवला, पण यानं चिखलात पाय नाय ठेवला. नुसता बांधावर बसून बगायचा. यापायी दोघांचा अबोला झाला. बाप तसाच गेला."

हातातली जुडी खाली ठेवून ती उठली. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. भिंतीला धरत धरत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अवो, आयकलाव का?" ती मोठ्याने म्हणाली. "आपला जना शेतावर होता."