धुक्यातला खांदा

वाईहून सांगलीला सायकलवर जायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात भक्ती वगैरे काही नव्हती, होता तो निव्वळ हट्ट. कॅन्सरचे उपचार संपून वर्ष होत आलं होतं आणि सांगलीला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मिरजेत माझी तपासणी होती. आमच्या सायकल मंडळाची फेरी होती पेशंटच्या नातेवाइकांसाठी उभ्या राहणाऱ्या धर्मशाळेच्या मदतीसाठी. मी मात्र निघताना ढोल्या गणपतीपुढे उभी राहून गुपचूप वेगळाच पण लावून आले: सांगलीच्या गणपतीपर्यंत कुणाचाही हात न लागता पोचले, तर तपासणी स्वच्छ निघाली पाहिजे. देवाशी असं दरडावून बोलायची मला जुनी खोड. खरं म्हणजे आजारपणात त्याच्यावरचा विश्वासच उडाला होता. मग पण लावला कुणाशी, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

चढावर कुणी दमलं की मागच्यानं पाठीवर हात ठेवून ढकलायचं, ही आमच्या मंडळाची रीत. पहिल्या दिवशी माझी मैत्रीण वैशाली दोनदा हात पुढे करत आली आणि दोन्ही वेळा मी तो झटकला. "अगं बये, एवढा कसला ताठा?" असं म्हणून ती हसत पुढे गेली. माझे यजमान सामानाच्या टेम्पोतून मागून येत होते. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली तरी मी ती घेत नसे, टेम्पोत चढून स्वतः काढून घेई. बिचारे बाटली परत ठेवून देत.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडहून शिराळ्याच्या अंगानं निघालो तर सगळीकडे धुकं. उसाचे तुरे तेवढे वर दिसत होते, बाकी जग पुसून टाकलेलं. सगळ्यांत पुढे असलेले आमच्या मंडळाचे सर वळणावळणावर फक्की टाकत जात, म्हणजे मैदान आखायची ती पांढरी पूड, मागच्यांनी ती बघून वळायचं. मला फक्की दिसली, मी वळले. पांढरी रेघ पुढे पुढे जात होती आणि मीही तिच्यामागे, अर्धवट झोपेत चालल्यासारखी. कुठे पाटाचं पाणी वाजत होतं, कुठे बैलांच्या घुंगरांचा आवाज, पण दिसत काहीच नव्हतं. मग डांबर संपलं, माती लागली आणि एका उघड्या माळावर रेघ दोन्हीकडे फाकून संपली.

हाका मारल्या. मोबाइलला रेंज नव्हती. परत फिरावं तर घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मातीत बसले आणि रडले. लावलेला पण हरले तर मिरजेला काय निघणार, एवढं एकच भय मनात होतं.

धुक्यातून फटफट आवाज आला. एक म्हातारे मामा, लुनाला दुधाचा कॅन बांधलेला, कानाला मफलर.

"काय ताई, वाट चुकला जनू? ही फक्की बैलगाडीच्या शर्यतीची हाय."

त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढून दिला. तो मी खाल्ला, गूळ म्हणजे काही हात नव्हे अशी मनाची समजूत घालून. नंतर म्हणाले, "सायकलीवर बसा आन् माझा खांदा धरा. डांबरीवर सोडतो." मी नाही म्हटलं. का, तेही सांगून टाकलं, आजार, देवाशी लावलेला पण, तपासणी, सगळं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी माणसाला.

त्यांनी कानावरचा मफलर सारखा केला. "ते तुमचं तुमी देवाशी बघा. माझं दूध डेरीत जायचं हाय. धरताय का न्हाई?"

मी धरला. स्वेटर दवानं ओला होता, त्याला दुधाचा वास येत होता. पाय थांबले तरी चाकं फिरत राहिली. दोन्ही बाजूंनी धुकं सरकत होतं, खाली जमीन आहे की नाही तेही कळत नव्हतं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मी काहीही निभावून नेत नव्हते. इतकं हलकं वाटलं की पुन्हा रडू आलं.

"तुम्ही रोज इकडून जाता?" मी विचारलं.

"कशाला? कालवड सुटलीया, तिला हुडकत आलतो."

"सापडली?"

"न्हाई. तुमीच गावला."

डांबरीवर मंडळ थांबलं होतं. वैशालीनं मला मिठी मारली. वळून बघते तो मामा गेलेही होते. याला चमत्कार म्हणावं की योगायोग, मी त्या वादात पडत नाही. ते आले, एवढं मला पुरतं. संध्याकाळी सांगलीच्या गणपतीपुढे हात जोडले तेव्हा मागायचं काही आठवलंच नाही. नुसती उभी राहिले, बराच वेळ.

मिरजेच्या तपासणीत एक लहानसा डाग निघाला. देवाशी लावलेला पण मोडला म्हणून असं झालं, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. कृपा म्हणतात ती मला वाटतं हीच, त्या माळावर मिळालेली. देवाशी सौदा करायचा नसतो, त्याच्यावर भार टाकायचा असतो, एवढं मला उशिरा का होईना कळलं. उपचार पुन्हा सुरू झाले. मागच्या खेपेला धीट दिसायचं म्हणून मी ह्यांना दाराबाहेरच बसवत असे. या वेळी सिस्टरनं नाव पुकारलं तशी मी म्हटलं, "मला भीती वाटतेय हो. आत चला ना." ते इतक्या चटकन उठले, की मागच्या उपचारांचे सगळे दिवस ते दाराबाहेरच्या बाकड्यावर एवढ्याचसाठी बसून होते, हे मला तेव्हा कळलं.