कोरड्या दगडावरचा कौल

दुपारचं जेवण आटोपून मी माजघरात चटई टाकून आडवी झाले आहे. मुद्दाम. पुढचं दार लावून घेतलंय, कडीही घातली आहे. शिमग्याची पालखी वरच्या वाडीत नाचते आहे, आता खाली उतरेल. आमच्या गावात पालखी बंद दारापाशी थांबत नाही. देव कुणाचं दार ठोठावत नाही, पुढच्या घराला जातो. जाऊ दे.

सकाळी माझी धाकटी जाऊ इंदू सांगून गेली, "वयनी, आता वर्ष सरला. ओटी मी भरीन. तू नुसता दार उघडा ठेव." मी म्हटलं, "बघू." माझ्या 'बघू'चा अर्थ तिला पाठ आहे.

ढोल लांब जातो आहे की जवळ येतो आहे, कळत नाही. डोळे मिटतात, पुन्हा उघडतात, आणि पायाशी दत्ताराम बसला आहे. माझा नवरा. अंगात तोच बंडी-पंचा, मांडीवर फुलांची परडी. कडी घातलेली असताना हा आत आला कुठून?

"मागच्या दारानं काय?" मी विचारते.

"दार खय हाय?" तो म्हणतो.

मी बघते, तर खरंच दार नाही. माजघराची भिंत लांबच लांब गेली आहे, हिरव्या रंगाची, आणि तिच्या कडेनं बाकं मांडली आहेत. हे ते इस्पितळ. इथंच मी त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते.

दत्ताराम देवळाचा गुरव होता. जमीन घ्यायची असो की लेक द्यायची, माणसं आधी त्याच्याकडे येत, कौल लावायला. तो देवाच्या दगडी मूर्तीच्या दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन करावं की नाही, हाही कौल त्यानंच लावला. उजवी पडली. तो हसत गाडीत बसला आणि आडवा परत आला.

"उजवा कौल दिलान आणि माणूस नेलान," मी म्हणते. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. रोज दिवा लावते, हात जोडते, पण देवाशी एक शब्द बोलत नाही. "तुम्ही त्याची इतकी वर्षं चाकरी केलीत. तुम्हाला राग नाय?"

"माजा सोड. मी कौल लावायला आलोय."

"कुणाला?"

तो परडीतून अबोलीच्या दोन पाकळ्या काढतो. बाकं गेली आहेत. आम्ही गाभाऱ्यात आहोत, पण मूर्तीच्या जागी कुणी नाही. मीच तिथं बसले आहे. तो माझ्या गळ्याखाली उजवीकडे एक आणि डावीकडे एक पाकळी लावतो. दोन्ही लगेच खाली पडतात.

"हा कसला कौल?" मला हसू येतं, मग भीती वाटते.

"कौलच नाय हा. कोरड्या दगडावर पाकळी ठरत नाय गो." तो कलशात बोट घालतो. कलश रिकामा. "वर्ष झाला, रडली नायस तू."

"मी नाय रडायची! देवासमोर तर नायच. आणि विचारताय काय? मला कसला कौल?"

"देव विचारतोय. आत येऊ की जाऊ?"

मला काहीच उमजत नाही. देव का मला विचारील? नेताना विचारलं नाही. "मग तेव्हा खोटा का बोलला?" मी ओरडते. "सांगा ना, तुम्हाला तरी सांगितलान?"

"नाय गो," दत्ताराम म्हणतो. त्याचा चेहरा माझ्यासारखाच गोंधळलेला आहे. "माका पण कळला नाय."

एवढ्यावरच मला रडू कोसळतं. त्याला उत्तर माहीत असतं तर कदाचित नसते रडले. तो माझ्या गालावर बोट टेकवतो, ओलं करतो, आणि पाकळ्या पुन्हा लावतो. या वेळी ठरतात.

"आता हलू नको," तो म्हणतो. ढोल गाभाऱ्यात घुमतो, माझ्या छातीत घुमतो, अंगणात घुमतो.

मी उठून बसते. चटई, माजघर, कडी, सगळं जागच्या जागी. ढोल दारच्या आंब्यापाशी आला आहे. उशी ओली झाली आहे. गळ्याशी हात जातो. डावीकडे अबोलीची एक पाकळी घट्ट चिकटलेली आहे, ओली. उजवीकडे नुसता पाण्याचा डाग. तो गेल्यापासून या घरात फूल आलेलं नाही.

म्हणजे उजवी पडली. मी हो म्हटलं की काय? केव्हा?

इंदू बाहेरून हाक मारते, "वयनी, पालखी पुढं चालली गो!"

मी तशीच उठते, पदर सावरत, नाक पुसत. कडी घट्ट बसली आहे, दोन्ही हातांनी ओढावी लागते. अंगणात गुलाल, माणसं, आणि खांद्यावर डुलणारी पालखी, वळणावर पाठमोरी.

"ये," मी ओरडते, सगळ्या गावादेखत. "आत ये. मला तुझ्याशी भांडायचंय."

पालखी माघारी वळते.