जबाबातली ती ओळ

ती सकाळ आठवली की आजही माझी मान खाली जाते.

तेव्हा मी मुळशी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सूसच्या बाजूला एका अर्धवट इमारतीतून नळ आणि शॉवर चोरीला जात होते. इमारतीमागे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती. जागा गावातल्या एका शेतकऱ्याची, भाडेकरू म्हणजे बांधकाम मजूर आणि सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया. फिर्याद साइटच्या सुपरवायझरने दिली आणि टीपही त्यानेच.

"साहेब, वस्तीतल्या बाया पहाटे डबे घेऊन आत शिरतात. डब्यांना झाकणं असतात."

आम्ही सापळा लावला. उजाडताना पाच बायका इमारतीतून बाहेर आल्या. हातात रंगाचे डबे, पण रिकामे. माल आतच लपवला असणार, असा मी तर्क केला. महिलांची चौकशी त्यांच्या घरी जाऊन करावी, असं कायदा सांगतो. मी त्यांना ठाण्यात आणलं.

"आत कशाला गेला होता?" तासभर माझा एकच प्रश्न. पाचही जणी जमिनीकडे बघत होत्या. चोर बहुधा चटकन काहीतरी उत्तर देतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. तरी त्या दिवशी मी गप्प बसण्यालाच कबुली समजलो. आमच्या महिला हवालदार हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मी बोलते त्यांच्याशी." मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं आणि टेबलावर हात आपटला.

तेव्हा त्या पाच जणींतली सगळ्यांत वयस्क बाई उभी राहिली. रिहे गावाकडची, मेंढरं विकून मजुरीसाठी इकडे आलेली.

"सायेब, वस्तीत संडास न्हाई. आमी तितं परसाकडं जातो. ऐकलंत?"

दारातले दोन शिपाई हसले. एका तरुण बाईने पदरात तोंड लपवलं. मी त्या दोघांना बाहेर पाठवलं, बायकांना बसायला सांगितलं, चहा मागवला. चहाला कुणी हात लावला नाही.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "नळ कोन नेतंय ते आमी रोज बगतो. तुमाला ज्यानं सांगितलं, त्योच. मागच्या बाजूला टेम्पो लावतोय."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"आमी तितं काय करत हुतो, ते बी सांगावं लागलं असतं न्हवं? त्याला ठावं हाय, ह्या बाया तोंड उघडायच्या न्हाईत."

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर टेम्पो आणि मुद्देमालासह सापडला. जबाब घेताना त्या वयस्क बाईने एवढंच मागितलं, "तेवढं लिवू नका, सायेब." पण साक्षीदार तिथे का होती, हे आल्याशिवाय केस टिकली नसती. मी ती ओळ लिहिली. कोर्टात आरोपीच्या वकिलाने ती तिच्या तोंडून दोनदा वदवून घेतली. तिने दोन्ही वेळा स्पष्ट आवाजात सांगितलं. आरोपीला शिक्षा झाली, मला प्रशस्तिपत्र मिळालं.

इमारतीभोवती उंच पत्रे ठोकले गेले. ती सूचना माझीच.

माणूस गप्प बसला तर त्याला काय गमवायची भीती आहे ते आधी बघावं, एवढं मी त्या तपासात शिकलो. पण ते शिकण्याची किंमत पाच बायकांनी मोजली. नंतर कितीदा तरी जीपमधून त्या वस्तीसमोरून गेलो. त्या आता कुठे जातात, हे एकदाही थांबून विचारलं नाही. ग्रामपंचायतीला संडासासाठी एक पत्र लिहिणं माझ्या हातात होतं. तेही मी लिहिलं नाही.