मास्तरांची संथ धून

कटंगीच्या बँडपार्टीत मी क्लॅरिनेट वाजवतो. आमच्या म्हाताऱ्या बँडमास्तरांनी मोबाइलवर एका सिम्फनीचा संथ भाग ऐकला आणि हट्टच धरला, "मी गेलो का मले हेच वाजवत न्या." कोमल गंधाराची ती उदास धून इतकी सावकाश, की एकेका सुरावर दोन पावलं पडावीत. दोन महिने खपून आम्ही ती बसवली.

मास्तर गेले. आम्ही तिरडीपुढे वाजवू लागलो, तर खांदेकरी मागून रेटतच राहिले. "चला न भाऊ, ऊन तापून राह्यलं!" मी वळून ओरडलो, "पळून काहून राह्यले? हळू चाला न!" कोणी ऐकेना. ढोलवाल्याचा हात सवयीनं त्यांच्या पायांबरोबर धावला आणि चौकात येईपर्यंत त्या धुनीची वरात झाली. वर एक जण म्हणतो, "बँड मस्त वाजला!" माझं टाळकंच फिरलं.

जन्मभर मास्तरांनी दुसऱ्यांची पावलं बघून वाजवलं. नवरदेवाचं घोडं अडलं की ते थांबले, वऱ्हाड नाचू लागलं की धावले. एकदाच, स्मशानापर्यंत, गावानं त्यांच्या लयीत चालायचं होतं.