मांडवाच्या कापडाचा ड्रेस

मंडळी, दुपारपासून मला काही सुचत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आज मुरबाडजवळ भाचीची हळद होती. सगळ्या बायकांनी पिवळंच घालायचं ठरलं होतं. भाचीच्या शेजारची मनीषा पायघोळ, झालरींचा, चंदेरी टिकल्यांचा पिवळा ड्रेस घालून आली आणि आम्ही तिला घेरलंच.

"कुठून घेतलास गो?"

"ऑनलाइन मागवला," ती हळूच म्हणाली.

मी झालर हातात धरून बघत होते. सहज वर पाहिलं आणि थक्क झाले. मांडवाच्या छताला तेच कापड होतं, त्यावर त्याच चंदेरी टिकल्या. मनीषा मांडववाल्यांकडे पडदे शिवते, हे तेव्हा आठवलं.

तेवढ्यात मांडववाले काकाच आले. "मनीषा, उरलेलं कापड पायपुसण्यांना नेलंस ना? त्याचा ड्रेस केलास होय!"

माझ्या हातातली झालर कधी सुटली, मलाच कळलं नाही.

मनीषाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "पायपुसणीच करणार होते, काका. पण माझ्याकडं पिवळं कायच नव्हतं, मंग हाच शिवला. काय, चांगला नाय दिसत?"

बायका आपापले पदर सावरू लागल्या. शेवटी पाटावरून नवरीच ओरडली, "मनीषाताई, इकडं ये गो! पहिला फोटो तुझ्यासोबत."

ड्रेस तोच होता, झालरही तीच. मग माझा हात का सुटला?

खरं सांगा, तुमचा सुटला नसता?