पूलवाल्याचे मित्र

माझा धाकटा भाऊ हार्मेन आमच्या गावच्या कालव्यावरचा पूल उघडायचा. बोट आली की पूल वर, बोट गेली की पूल खाली, आणि मधल्या वेळात गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडून बोटवाल्यांकडून पैसे घ्यायचे. यात त्याचा उभा जन्म गेला. आमच्या फ्रिसलंडमध्ये याला नोकरी म्हणतात. पुढे सरकारने कॅमेरे बसवले आणि दूरच्या शहरात बसून कोणी एक पोरगी बटण दाबून आमच्या भागातले सगळे पूल उघडू लागली. हार्मेनला समारंभ करून घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नसतं, त्याला घड्याळच देतात.

त्याची बायको येत्स्के त्याआधीच गेली होती. मूलबाळ नाही. दिवसभर खिडकीत बसून कालव्याकडे बघायचा. एकदा माझ्याकडे कॉफीला आला तेव्हा म्हणाला, "आल्त्ये, मला मित्र आहेत का गं?"

"मला काय विचारतोस? तुला माहीत असायला हवं."

"दर उन्हाळ्यात तीच तीच माणसं बोटी घेऊन यायची. सगळी म्हणायची, या की एकदा आमच्याकडे. ते मनापासून म्हणायची की आपलं जाता जाता, हे एकदा जाऊन बघायचंय."

पुलाखालून जाताना लोक काहीही बोलतात, असं मी म्हणणार होते. पण त्याचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. लांबवर गाडी चालवायची त्याला भीती वाटते, मला वाटत नाही. मी कॅरव्हॅन गाडीला जोडली, तिच्यात घरचे बटाटे भरले, कारण दक्षिणेकडच्या बटाट्यांचा काही भरवसा नाही, आणि आम्ही निघालो.

ल्यूबेकच्या इंगेबोर्गबाईंनी दार उघडलं आणि हार्मेनला ओळखलंच नाही. त्यांची चूक नव्हती. इतकी वर्षं त्यांनी त्याला फक्त खालून पाहिलं होतं. शेवटी तो त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या चढून वर उभा राहिला आणि कठड्यावरून खाली वाकला, तेव्हा त्या ओरडल्या, "अगंबाई, पूलवाले!" कॉफी छान होती, केक त्याहून छान होता. जेवणाची वेळ जवळ आली तसे आम्ही उठलो. न बोलावता कोणाच्या घरी जेवणाच्या वेळेला बसून राहणं ही आमच्या आईच्या मते चोरीच्या शेजारची गोष्ट. इंगेबोर्गबाईंनीही लगबगीने दार उघडून धरलं. रीतभात असलेल्या माणसांत अशा गोष्टी न बोलता पार पडतात.

लिंझचे दाताचे डॉक्टर घरी नव्हते. युरोपात उन्हाळ्यात मित्रांकडे जायला निघावं, तर मित्र उन्हाळ्यासाठी भलतीकडेच गेलेले असतात. डॉक्टर इटलीत होते. शेजाऱ्यांकडे किल्ली होती आणि निरोप होता, घर आपलंच समजा, टोमॅटोंना पाणी घाला. हार्मेनने दोन्ही वेळा पाणी घातलं.

"केवढा विश्वास टाकलाय बघ," तो म्हणाला.

"माळीसुद्धा विश्वासाचाच लागतो," मी म्हटलं. म्हणायला नको होतं. तो झारी घेऊन पुन्हा टोमॅटोंकडे गेला.

उरला विन्को. हा क्रोएशियातला, द्रावा नदीकाठच्या एका खेड्यातला. जर्मनीत, ब्रेमेनच्या गोदीत, त्याने आयुष्य काढलं आणि दर सुट्टीत भाड्याची एक खटारा बोट घेऊन तो आमच्या पुलाखालून जायचा. आता गावी परतला होता. वाटेत हार्मेन एकदाच बोलला, "इथेही तसंच निघालं ना, तर घर विकतो आणि वृद्धाश्रमात जातो. तिथे निदान जेवताना समोर माणसं असतात." मी गाडीचा वेग वाढवला.

विन्कोने ओळखायला जिना वगैरे काही मागितलं नाही. फाटकातच हार्मेनला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. हार्मेनला मिठीचा सराव नाही. तो हात खाली सोडून मिठी सुटण्याची वाट बघत उभा राहिला. विन्कोची बायको ल्युबित्सा हिने कॉफी दिली, मग घरची दारू दिली, मग पुन्हा कॉफी. बोलणं सगळं जर्मनमध्ये, दोन्ही बाजूंनी सारखंच मोडकं, त्यामुळे कोणाला लाजायचं कारण नव्हतं. अंगणात तिवईला टांगलेल्या कढईत लालभडक रस्सा रटरटत होता, त्यात माशांचे तुकडे. फाटकातून माणसं खुर्च्या घेऊन येत होती. एकजण अ‍ॅकॉर्डियन घेऊन आला.

मी हार्मेनला कोपर मारलं. "यांच्याकडे काहीतरी कार्य आहे."

"वाढदिवस असेल. आपण यांच्या मध्ये मध्ये नको."

आम्ही उठलो. सगळ्यांशी हात मिळवले. विन्को हसला, त्याला ती थट्टा वाटली. आम्ही फाटकाबाहेर पडलो, तरी तो हसतच होता.

नदीकाठी कॅरव्हॅनपाशी मी बटाटे सोलायला घेतले. निम्मे सोलून होतात तोच रस्त्याने विन्को आला, मागून ल्युबित्सा, तिच्या हातात अजून डाव. विन्को आता हसत नव्हता.

"माझ्या घरचा घास तुला चालत नाही?"

"कोणाचा वाढदिवस आहे?" हार्मेनने विचारलं.

"वाढदिवस? अरे, तू येणार म्हणून गाव गोळा केलंय मी! पहाटेपासून नदीवर होतो मासे धरायला!"

"जेवायला थांबा असं कोणी म्हणालं नाही."

विन्कोने हा प्रकार बायकोला त्यांच्या भाषेत सांगितला. तिने दोनदा सांगायला लावला. मग तिने आमचं पातेलं उचललं, आतले बटाटे पाहिले आणि मला विचारलं, "पोट बिघडलंय का तुमचं?"

"आम्हाला वाटलं, आमची अडचण होईल," हार्मेन म्हणाला.

विन्को कॅरव्हॅनच्या पायरीवर मटकन बसला. "जर्मनीत मी रोज अडचण होतो. कामाला हवा, कॉफीला नको. आणि तू पुलावरून ओरडायचास, विन्को, बरा आहेस ना? नावाने. तेवढं ऐकायला मी सुट्टीत तिकडे यायचो. बोट चालवायला नाही. बोट मला लागते."

हार्मेन खोटं बोलत नाही. बोलला असता तर फार बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"मी सगळ्यांनाच तसं विचारायचो," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," विन्को म्हणाला. "दुसरीकडे 'सगळे' म्हटलं की त्यात मी नसायचो."

ल्युबित्साने बटाट्यांचं पातेलं काखेत मारलं आणि ती पुढे निघाली, तेव्हा आम्हाला मागे जावंच लागलं.

अंगणात सगळे ताटकळले होते, कोणी चमचा धरला नव्हता. विन्कोने हार्मेनला टेबलाच्या टोकाला बसवलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून जमलेल्यांना काहीतरी सांगितलं. दोनच शब्दांचं असेल. लोकांनी पेले उचलले. काय म्हणाला ते हार्मेनने विचारलं नाही. त्याचे डोळे वाहायला लागले आणि ते थांबेनात.

ल्युबित्सा वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "फार तिखट झालंय का हो त्यांना?"

मी हो म्हटलं. त्याच्या ताटात अजून काही वाढलेलंच नव्हतं.