नाकवाल्या बाईंची फुली

झाडांना पालवी फुटली की लोकांना म्हणे प्रसन्न वाटतं. या घरात पालवी दिसली की कपाटातले जुने रुमाल काढायचे. सर्दी दरवर्षी ठरल्या वाटेनेच यायची. धाकटी ती शाळेतून आणायची, थोरल्याला द्यायची, त्याच्याकडून बापाला, बापाकडून आजीला, आणि सगळ्यांचं उरकलं की राहिलेली घरच्या बाईला. "आमच्याकडे दुसरं काही वाटून घेत नाहीत, एवढी सर्दी मात्र घेतात," सासूबाई म्हणायच्या आणि हसता हसता खोकत सुटायच्या.

घरच्या बाईला मात्र हसू येत नसे. ती दूध संकलन केंद्रावर दूध हुंगायची; तीच तिची नोकरी. सकाळी धक्क्यावर कॅनची रांग लागली की ती एकेक झाकण उचलायची, नाक आत घालायची आणि एका श्वासात सांगायची, चालेल की नाही. नाही म्हटलं की कॅनवर लाल खडूची फुली, आणि दूध आल्या पावली परत. गाईने काल काय चघळलं तेसुद्धा ती वासावरून सांगायची. दूधवाले तिला नाकवाल्या बाई म्हणायचे, आणि वीस वर्षांत तिच्या फुलीवर कुणी वाद घातला नव्हता. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं.

एरवी स्वतःची पाळी आली की ती तीन दिवस रजा टाकायची. या वर्षी सगळी रजा आधीच संपली होती. सासूबाईंचा खोकला छातीत उतरला, धाकटीचा कान फुटला, नवरा तर तापाने असा कण्हत पडला की जणू जगात पहिला ताप त्यालाच आला. वाफारे देता देता आणि रुमाल उकळता उकळता तिच्या नाकी नऊ आले. मग ती स्वतः शिंकली. चार दिवसांत नाक मोकळं झालं, वाहायचं थांबलं. वास तेवढा परतला नाही.

आधी तिने साबण हुंगला. मग रॉकेलची बाटली. मग धाकटी झोपेत असताना तिच्या केसांत नाक खुपसून बराच वेळ बसली. काहीच नाही. भिंत हुंगावी तसं. तिने कुणाला सांगितलं नाही. तिच्या आधी या जागेवर होता त्याचं नाक गेलं, तेव्हा त्याला कॅन धुवायला बसवलं होतं आणि पुढच्याच महिन्यात घरी.

तिने एक युक्ती शोधली. वीस वर्षं कॅनसमोर उभं राहून तिला माणसंही कळायला लागली होती. ज्याचं दूध धड नसतं तो झाकण उघडताना दुसरीकडे बघतो. ती नाक कॅनमध्ये घालायची आणि डोळा माणसाकडे ठेवायची. सात दिवस ते जमलं. दोन लबाड तर असे पकडले की साहेबाने पाठ थोपटली. घरी येऊन ती मोरीत तोंड धुता धुता रडली.

आठव्या दिवशी एक म्हातारी पुढे आली. एकटी राहायची, एकच गाय, एकच लहान कॅन. तिच्या दुधावर आजवर एकदाही फुली पडली नव्हती. बाईंनी झाकण उचललं आणि म्हातारीने झटकन तोंड फिरवलं. डोळे लाल, पदर तोंडाशी. बाई थबकल्या. चालेल म्हणावं आणि अख्खी टाकी नासली तर? त्यांनी खडू उचलला.

"चालणार नाही, आजी."

म्हातारीने झाकण लावलं. कॅन उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही नाही. बाईंना जेवण जाईना. तशीही कशाला चव नव्हती. म्हातारी परत आली की खरं काय ते सांगून टाकायचं, मग नोकरी राहो की जावो, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पाचव्या दिवशी म्हातारी आली, रिकाम्या हाताने. केंद्राचा कॅन नुसता परत करायला.

"आजी, मला तुमच्याशी बोलायचंय," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीचं."

"मीच बोलणार होते. मला ही सर्दी झालेली, दोन आठवडे कशाचा वास म्हणून नाही. त्या दिवशी तर ऐन वेळी शिंक आली. दुधावर पडू नये म्हणून तोंड फिरवून उभी राहिले बघा. मला काय कळणार दुधातलं? तुम्ही फुली मारलीत तेव्हा म्हटलं, गाईला आतून काहीतरी झालंय. म्हातारी झालेलीच ती. शेजाऱ्यांची पोरं तेच दूध पितात, त्यांना काही झालं असतं म्हणजे?"

"मग गाय कुठंय?"

"देऊन टाकली. कापणाऱ्याची गाडी आली होती गावात. चढेना हो गाडीत. माझ्याकडेच बघत होती."

मागे रांगेतले लोक खोळंबले होते. कुणीतरी कॅन पुढे सरकवला. म्हातारीने पदराने नाक पुसलं.

"तुमचं नाक होतं म्हणून कळलं, बाई. नाहीतर मी तशीच घालत बसले असते दूध. बरं केलं ना मी?"

बाईंना घर दिसलं. खोकणाऱ्या सासूबाई, कान बांधलेली धाकटी, खाटेवरचा नवरा. ठरवलेलं सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"बरं केलंत, आजी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या कॅनचं झाकण उचललं.